घर ऐकू येईल असा हेडफोन

"कानाला लावायचं एक डबडं, आन् त्याच्यापायी अख्खं घर रिक्षात घालून न्यायचं. काय दिवस आलेत."

जीवन हे पुटपुटला तेव्हा त्याची समजूत अशी, की आपण मनातल्या मनात बोललो. फार तर बायकोपर्यंत पोचलं असेल. प्रत्यक्षात ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या बुडावर टेकलेल्या माणसाने मान वळवून पाहिलं, ड्रायव्हरने आरशातून पाहिलं, आणि अंजूरफाट्याला शेजारी खोळंबलेल्या टेम्पोचा क्लीनर दात काढून हसला.

"अहो, हळू," असं रंजिता म्हणाली नाही. ते म्हणणं तिने कधीच सोडलं होतं. तिने त्याच्या गुडघ्यावर बोट टेकवलं, तो तिच्या तोंडाकडे बघायला लागला, मग तिने ओठ नीट उघडून विचारलं, "ऊन लागतंय का?"

"न्हाय," तो म्हणाला. शिट्टीबिट्टी न वाजवता विषय बदलला. इतक्या वर्षांत रंजिता विषय बदलण्यात पटाईत झाली होती.

पलीकडच्या कडेला करिष्मा, त्यांची मुलगी, मोबाइलमध्ये नाक खुपसून बसली होती. बावीस वर्षांची, एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात दिवसभर गाड्यांच्या नोंदी टाइप करायची आणि संध्याकाळी माळ्यावर चढून चार मैत्रिणींबरोबर बंदुकांचा खेळ खेळायची. त्यातली एक नागपूरला होती, एक कुठे तरी केरळात. रंजिताला याचं नवल वाटायचं. कामतघरच्या चाळीतल्या माळ्यावरून केरळातल्या पोरीला हाक ऐकू जाते, आणि खाली ओट्याशी उभी असलेली आई घसा फोडते ती जात नाही.

हे हेडफोनचं प्रकरण कुकरपासून सुरू झालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी रंजिता वडप्याच्या गोदामात दुपारच्या शिफ्टला होती. परत आलेला माल तपासून पुन्हा खोक्यात भरायचा, हे तिचं काम. घरी गॅसवर डाळीचा कुकर होता, आणि कुकरपासून दोन हातांवर, त्याच्याकडे पाठ करून, जीवन पेपर वाचत बसला होता. शिट्ट्या झाल्या. शेजारच्या बायजाबाईने चौदापर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडून दार ठोठावलं, मग ठोठावणं सोडून आतच घुसली आणि गॅस बंद केला. डाळीचा कोळसा झाला होता. जीवन दचकून उठला, आणि सगळं लक्षात आल्यावर माळ्याकडे हात करून ओरडला, "पोरीच्या कानावर ती झाकणं! आग लागली असती तरी हिला कळलं नसतं!"

रंजिता घरी आली तेव्हा बायजाबाई दारातच होती. ती काही तरी सांगायला तोंड उघडत होती, तेवढ्यात करिष्मा म्हणाली, "चुकलं माझं, पप्पा." बायजाबाईने तोंड मिटलं आणि कुकर घासायला राखुंडी देते म्हणून निघून गेली.

असा तो दोष हेडफोनवर गेला. घरात सगळ्यांनाच जरा बरं वाटलं. वस्तूचा दोष असला की वस्तू बदलता येते.

"नवा घे," रंजिताने करिष्माला सांगितलं होतं. "पण असा घे की तो लावून घर ऐकू येईल."

करिष्मा आठ दिवस व्हिडिओ बघत होती. मग एका रात्री जेवताना तिने आईला समजावून दिलं. असा हेडफोन असतो. त्याला ओपन-बॅक म्हणतात. नेहमीचा म्हणजे कानावर पालथी घातलेली वाटी, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर. याच्या पाठीला मात्र जाळी असते.

"चाळणी म्हण की," रंजिता म्हणाली.

"चाळणीच. घरातलं ऐकू येतं. आणि कानाला घाम नाही. त्या जुन्याने माझे कान असे उकडायचे ना, की खेळ संपला की मोमो बाहेर काढल्यासारखं वाटायचं. आणि गेममध्ये माणूस कुठून येतोय ते बरोब्बर कळतं. डावीकडून, मागून, किती लांबून. पावलं वाजतात ना त्यांची."

"आणि वाईट काय?"

"आवाज बाहेर सांडतो. शेजारच्याला ऐकू येतो. गोळीबार तुझ्या डोक्यावर."

"माझ्या डोक्यावर आता काय पडायचं राहिलंय," रंजिता म्हणाली. जीवन दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत भात कालवत होता. दोघी हसल्या तेव्हा तोही हसला.

ही त्याची कारखान्यातली सवय. सत्तावीस वर्षं तो कापडाच्या लूमवर होता. आधी लूम चालवायचा, मग जॉबर झाला, म्हणजे बिघडलेला लूम ठोकून-ठाकून पुन्हा सुरू करून देणारा. अठ्ठेचाळीस लूम एका छपराखाली खटाखटा चालत असताना तिथे तोंडाने बोलून उपयोग नसतो. माणसं ओठ हलवतात, बोटं हलवतात, भुवया उडवतात. दोन रांगा पलीकडून एकमेकांची चेष्टा करतात, शिव्या देतात, पोराच्या बारशाचं आमंत्रण देतात, आणि आवाज कुणाचाच निघत नाही. लग्न झाल्यावर रंजिता डबा घेऊन जायची तेव्हा तीही ते शिकली. नव्या नवरीला बरंच होतं. सगळ्यांसमोर नवऱ्याशी हवं ते बोलता यायचं.

म्हणूनच कुणाला लवकर कळलं नाही. जीवन समोरच्याचं तोंड बघून धडधडीत उत्तरं द्यायचा. पाठमोरा असला की मात्र गप्प. गप्प माणूस आहे, असं लोक म्हणायचे. फोन आला की "हां, हां, बरोबर" म्हणून रंजिताकडे द्यायचा. लग्नकार्यात मंडपाच्या कडेची खुर्ची पकडायचा. टीव्ही आणि बायको, दोघांचा आवाज तेवढा घरात वाढत गेला. कधी कधी रात्री रंजिताचे कान ठणकायचे. तिला वाटायचं, दोन माणसांचं ऐकणं एकाच डोक्याने करायचं म्हटल्यावर ते दुखणारच.

दिवाळीनंतर शेठने लूम भंगारात काढले. कारखान्याचं गोदाम झालं. जीवन घरी बसला. पाच महिने नुसता बसला. आणि आता त्याच्या बहिणीच्या मुलाने, भाविकने, वडप्याला, तो आणि रंजिता कामाला होते त्याच गोदामात, मामाला चिकटवून द्यायचं ठरवलं होतं. काम डॉकवरचं. मागे मागे येणाऱ्या गाड्या शिट्टी वाजवून, हात दाखवून फलाटाला लावून घ्यायच्या. उद्या, सोमवारी, हजर व्हायचं. जीवनने बूट आणले होते. परवा भाविक शिट्टी आणि चमकणारं जॅकेट देऊन गेला, तेव्हा याने घरातच शिट्टी फुंकून बघितली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सगळा जीव एकवटून. अख्खी चाळ दारात आली.

जीवनने शिट्टी तळहातावर आपटली. "भिकार माल. वाजतच न्हाय नीट."

सगळी चाळ बघत होती. रंजिता म्हणाली, "हो, जरा बारीकच आहे."

त्यानंतर दोन दिवस ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना.

रिक्षा कशेळीला थांबली. खाडीच्या अलीकडे, कंटेनरच्या धुळीत, धनेश या करिष्माच्या ओळखीच्या दुकानदाराचा गाळा होता. जमीन त्याच्या आजोबांची, तिथे पूर्वी भात व्हायचा. आता गाळे झाले होते, आणि त्यातल्या एकात धनेश खोका उघडलेला माल विकायचा. लोकांनी मागवलेला, आवडला नाही म्हणून परत पाठवलेला. रंजिताला तो माल बघून आपल्याच कामावर आल्यासारखं वाटलं.

"या काकी, या काका! बसा," धनेशने स्टुलं पुढे केली. "करिष्मा, तुझे तीन काढून ठेवलेत. हितं लावून बघायचं, मनाला आला तर न्यायचा. आपल्याकडं जबरदस्ती न्हाय."

तीन हेडफोन काउंटरवर मांडले होते. पहिला वजनदार, काळा, लोखंडी पट्टीचा. करिष्माने लावला, मान हलवली, कपाळाला आठ्या घातल्या.

"धरतो किती! डोकं शिकंज्यात धरल्यासारखं."

"सैल होईल वापरून."

"तोपर्यंत माझंच डोकं सैल होईल. आणि आवाज दबल्यासारखा का येतोय?"

"त्याला ॲम्प लागतो, जोर द्यायला. नुसत्या लॅपटॉपवर तो उठत न्हाय."

"मग नको. पुढचा."

दुसरा देखणा होता, मखमली गाद्यांचा. करिष्माने मोबाइलवर आपल्या खेळाची चित्रफीत लावली आणि डोळे मिटले. "वा! मागून येतोय. आता उजवीकडे. आई, जिन्यावरून चढतोय बघ!" रंजिताने खरंच मागे बघितलं. मागे कंटेनर होता. तिसरा राखाडी, हलका, दिसायला गरीब, पण त्यातही पावलं स्वच्छ कळत होती. गाणं लावल्यावर ढोल थोडा कमी घुमत होता, एवढंच. करिष्मा तो काढायलाच तयार होईना. "आहे की नाही तेच कळत नाही डोक्यावर," म्हणाली. "आणि हे बघ, लावलेला असूनही तुझं सगळं ऐकू येतंय. बोल काही तरी."

"काय बोलू?"

"आलं ऐकू!"

तेवढ्यात रंजिताचा फोन वाजला. भाविक.

"मामी, मामा फोनच घेत नाहीत गं. एक फॉर्म भरतोय त्यांचा, फिटनेसचा. वय टाकलं, बाकी सगळं टाकलं. नजर आणि कान, दोन्ही ओके ना? मी हो करून टाकतो. डॉक्टर काय, सही करतो नुसती."

रंजिता जीवनकडे बघत होती. तो रस्त्याकडे तोंड करून स्टुलावर बसला होता. नवे बूट त्याने आजच घातले होते, सवय व्हावी म्हणून.

"मामी?"

"थांब जरा," ती म्हणाली. "दुकानात आहे. पाच मिनिटांत सांगते."

"पाचच हां. साहेब बसलेत."

तिने फोन ठेवला. ती त्या डॉकवरून रोज जाते. दोन फलाटांच्या मधे माणूस उभा असतो. एक गाडी समोर असते, तिचा ड्रायव्हर आरशात दिसतो. दुसरी पाठीमागून येते, टीं टीं करत. समोरच्याचं तोंड वाचता येईल. ट्रकला ओठ नसतात.

"काकी, आवाज बाहेर किती येतो तेही बघून घ्या," धनेश म्हणाला. "नंतर म्हणाल, झोप मोडते. काका, तुम्ही तिथंच बसा, वळू नका. किती ऐकू येतंय ते सांगायचं फक्त. काका!"

जीवन वळला नाही. रंजिताने त्याच्या खांद्याला हात लावला, समोर जाऊन ओठांनी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि परीक्षेला बसल्यासारखा ताठ झाला. घरात त्याला विचारून काही ठरवल्याला बरेच दिवस झाले होते.

करिष्माने राखाडी हेडफोनवर गोळीबार लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. जाळीतून तडतड तडतड बाहेर पडू लागली. काउंटरपलीकडे खोकी लावणाऱ्या विठूने वर बघितलं. रस्त्यावरून जाणारी एक बाई बघून गेली.

"काहीच न्हाय," जीवन म्हणाला. "एकदम बंद. चांगला हाय, हाच घ्या."

धनेश हसला. त्याला वाटलं, काका मस्करीच्या मूडमध्ये आहेत. मग त्याने करिष्माकडे बघितलं आणि त्याचं हसू ओठावरच राहिलं.

"गाड्या केवढ्या जातायत," रंजिता घाईने म्हणाली. "आम्हालाही कुठे नीट…"

"हा, ते हायच," धनेशही घाईने म्हणाला. "हायवेच हाय."

आता चौघे मिळून एकच गाठोडं उचलून धरल्यासारखे उभे होते. विठूने खोकी लावायला घेतली.

करिष्माने हेडफोन गळ्यात उतरवला आणि आईला काउंटरच्या टोकाला ओढलं. "आई, कुकरच्या दिवशी मी माळ्यावर नव्हतेच," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दळण आणायला गेले होते. दारातून पप्पांना सांगितलं, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. ते फोनवर म्हणतात तसं हां हां म्हणाले. त्यांची पाठ होती माझ्याकडे. माझंच चुकलं, समोर जाऊन सांगायला हवं होतं."

"आणि हेडफोन?"

"त्याची वायर आठवडाभर आधीच तुटली होती."

रंजिताने त्या राखाडी हेडफोनकडे बघितलं. म्हणजे आठ दिवसांचे ते व्हिडिओ, ती चाळणी, हा रविवार. "मग मला बोलली का नाहीस?"

"तूही शिट्टीला बारीकच म्हणालीस ना," करिष्मा म्हणाली.

 रंजिताने मुलीच्या गळ्यातला तो हेडफोन उगाच सरळ केला. "मग हा कशाला घेतेस?"

"मला हवाच होता गं नवा. आणि घरातलं ऐकायला आता आणखी एक कान लागणार. तुझे दोन किती दिवस पुरणार?"

एवढ्यात जीवन उठून आला. दोघी कोपऱ्यात कुजबुजतायत म्हणजे काही तरी आहे, हे ओळखायला त्याला कान लागत नव्हते. "बघू तरी काय एवढं हाय त्यात," असं म्हणत त्याने हेडफोन मुलीच्या गळ्यातून काढला आणि स्वतःच्या कानांवर चढवला. टोपी घालतात तसा, दोन्ही हातांनी. धनेशला हायसं वाटलं. त्याने वायर आपल्या मोबाइलला जोडून हळदीचं एक गाणं लावलं. प्रत्येक हेडफोन तो याच गाण्यावर तपासायचा. सुरुवातीला बाई एकटीच उंच आवाजात दोन ओळी गायची, मग ढोल आणि बँजो.

बाई गायला लागली. जाळीतून तिचा आवाज धारदार बाहेर आला. विठूसुद्धा गुणगुणला. जीवनचा चेहरा कोरा होता. वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा. करिष्माने आवाज वाढवला. मग ढोल पडला, आणि त्याचे डोळे लकाकले.

"वाजतंय की!" तो सगळ्या गाळ्यात घुमेल असा ओरडला. "ढोल कसला हाय! झकास!"

त्याने पायाने ठेका धरला. नवा बूट फरशीवर थपथप वाजू लागला. ढोल थांबला आणि पुन्हा बाई एकटी उंच गाऊ लागली. त्याचा पाय थांबला. त्याने धनेशच्या मोबाइलकडे बघितलं. पडद्यावर हिरवी साडी नेसलेली बाई हात पसरून गात होती, तिचे ओठ हलत होते.

"हिचा आवाज टाकायचा राहिला काय यात?" जीवनने विचारलं. "नुसतीच तोंड हलवते."

 त्या बाईचा आवाज चार माणसांच्या मधे, जाळीतून, चांगला खणखणीत येत राहिला. धनेशने मोबाइल काउंटरवर पालथा घातला. करिष्मा भिंतीवरच्या वायरी मोजल्यासारखं बघत होती. जीवनने एकेकाचं तोंड वाचलं. सत्तावीस वर्षांची सवय होती त्याला. यावेळी वाचायला कुणाचेच ओठ हलत नव्हते, पण काय लिहिलंय ते त्याला दिसलं असावं, कारण त्याने हेडफोन हळूच काढला आणि काउंटरवर ठेवला. मग तो नीट सरळ केला.

रंजिताचा फोन वाजला. तिने उचलला.

"मामी, झाली पाच मिनिटं. हो करू ना?"

उत्तर द्यायला एक शब्द पुरला असता. तो तिच्या जिभेवर तयार होता, इतकी वर्षं तोच वापरात होता. त्या शब्दावर जीवन उद्या नवे बूट घालून, डबा घेऊन बाहेर पडला असता, पाच महिन्यांनी पहिल्यांदा. आणि ती गोदामात आत, टेपच्या आवाजात, दिवसभर बाहेरच्या टीं टीं कडे कान लावून बसली असती, एखादी टीं टीं मधेच थांबेल म्हणून.

ती फोन कानाला धरूनच जीवनच्या समोर जाऊन उभी राहिली. अगदी समोर, डबा घेऊन जायची तेव्हा दोन लूमच्या मधल्या फटीत उभी राहायची तशी. त्याने वर बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण ओठ तिने नीट उघडले, एकेक शब्द सुटा केला, भाविकला ऐकू जावा आणि याला दिसावा असा.

"नाही, भाविक. तुझ्या मामांना ऐकू येत नाही."